बिलियर्डची काठी कोणाच्या हातची

क्लबाचं पत्र आलं त्या दिवशी मी ऑफिसातून येऊन नुकती टेकले होते. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. बाबांनी लिफाफा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "इंग्रजीत आहे. वाच."

सकाळी अकराच्या टपालानं आलेलं पत्र ते संध्याकाळी सातपर्यंत जवळ घेऊन बसले होते. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेता आलं असतं. पण क्लबाचा शिक्का पाहून त्यांना वाटलं असावं, काही मानाचं असेल, आधी मुलीनं वाचावं.

मानाचं काही नव्हतं. क्लबाच्या नव्या सेक्रेटरीनं लिहिलं होतं की बिलियर्ड रूममधल्या सामानाची मोजदाद केली असता एका नामांकित विलायती कारखान्याच्या सहा काठ्यांपैकी पाचच सापडतात. सहावी तुमच्या घरी असल्याचं आमच्या कानावर आलं आहे. पंधरा दिवसांत ती आणून द्यावी, नाहीतर प्रकरण पोलिसांकडे द्यावं लागेल.

मी मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं. मग ते उठले, मोरीत जाऊन तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "एकतीस वर्षं नोकरी केली तिथे."

बाबा फोर्टातल्या त्या क्लबात मार्कर होते. साहेब लोक बिलियर्ड खेळायचे आणि बाबा भिंतीपाशी उभे राहून गुण पुकारायचे. टेबलाच्या हिरव्या बनातीला ब्रश मारायचा, चेंडू पुसायचे, काठ्यांच्या टोकाची चामडी झिजली की नवी बसवायची, ही सगळी त्यांची कामं. कोणी मेंबर नवी काठी घेऊन आला की आधी ती बाबांच्या हातात जायची. बाबा ती डोळ्याशी धरून बघायचे, एकदा टेबलावर लोळवायचे आणि सांगायचे, कुठल्या कारखान्याची आहे, वाकलेली आहे का, वजन पुढे आहे की मागे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी नावाची पाटी न बघता ते काठी कोणाच्या हातची ते ओळखतात, असं साहेब लोक म्हणायचे. निदान बाबा आम्हाला तसं सांगायचे.

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला चहाच्या कंपनीतला एक साहेब कायमचा विलायतेला निघाला. जायच्या आदल्या सकाळी त्यानं आपली खासगी काठी, काळ्या पत्र्याच्या नळीसकट, बाबांना देऊन टाकली. त्या दिवसापासून घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत ती नळी भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी होती. दसऱ्याला बाबा ती खाली काढायचे, कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि पाटावर ठेवून पूजा करायचे. बाकीच्यांची हत्यारं असत, आमची बिलियर्डची काठी. बघायला येईल त्याला बाबा त्या विलायती कारखान्याचं नाव सांगत. "हिच्यासारख्या सहाच काठ्या क्लबात आहेत," असंही सांगत.

हेच भोवलं. त्या दसऱ्याला क्लबातला नवा मार्कर आपट्याची पानं द्यायला आला होता. त्यानं काठी पाहिली, बाबांचं ऐकलं आणि जाऊन कौतुकानं क्लबात सांगितलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात मोजदाद झाली आणि एक काठी कमी भरली.

"साहेबानं दिल्याचा कागद आहे का काही?" मी विचारलं.

"कागद कशाला देईल? हातात दिली."

मी नळीतून काठी काढली. तिच्या बुडाशी, काळ्या लाकडावर, जिथे कारखान्याच्या नावाची हस्तिदंती पाटी असते तिथे बोटभर लांबीचा रिकामा खळगा होता. साहेबाकडे असतानाच पाटी कुठेतरी गळून पडली होती. लहानपणी सापाच्या बिळाकडे बघावं तशी मी त्या खळग्याकडे बघत राहिले.

"बाबा, त्यांना वाटेल पाटी आपणच काढली. ओळखू येऊ नये म्हणून."

बाबांनी काठी परत नळीत सरकवली. त्यांचा दमा थंडीच्या सुरुवातीला बळावायचा. त्या वर्षी तो त्या दिवसापासूनच बळावला.

तेव्हा मी तीस वर्षांची होते. सरकारी कचेरीत टायपिस्ट. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, भाऊ नागपूरला. सकाळी पाचला उठून नळाचं पाणी भरायचं, दोघांचा स्वयंपाक, बाबांचा काढा, मग ऑफिस. परत आल्यावर पुन्हा तेच. तक्रार म्हणून सांगत नाही. आमच्या चाळीतल्या निम्म्या बायकांचं तेच होतं. पण त्या पत्रानंतर मला आधी रागच आला, आणि तो क्लबाचा नव्हता, त्या काठीचा होता. आठ वर्षं भिंतीवर बसून ती बाबांचा मान खात होती आणि आता माझे रविवार खाणार होती.

जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्याच यंत्रावर दोन पत्रं टाइप केली. एक विलायतेतल्या साहेबाला, जुन्या नाताळकार्डावरच्या पत्त्यावर. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. दुसरं सेक्रेटरीला, की वडील आजारी आहेत, महिन्याची मुदत द्यावी. ती त्यांनी दिली.

मग बाबा म्हणाले, "काठी कोणाची ते नीट ठरवून घेऊ. त्या कारखान्याच्या काठ्या क्लबातल्या सहाच थोड्याच आहेत जगात? साहेबानं स्वतः विकत घेतलेली सातवी असेल. प्रत्येकीत काहीतरी फरक असतो. आमचा हेड मार्कर सांगेल."

तो हेड मार्कर अंधेरीच्या गावठाणात राहायचा. ख्रिस्ती म्हातारा, बाबांपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. पुढच्या रविवारी आम्ही निघालो. काठी अखंड होती, मधून उघडणारी नव्हे, त्यामुळे नळी माझ्या खांद्याएवढी. कुर्ल्याला बस बदलली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "बाई, बंदूक हाय का?" लोक हसले. बाबांना हसू आलं नाही. त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि पुढे अंधेरीपर्यंत गुडघ्यांत उभी धरून बसले.

हेड मार्करनं दारातच बाबांना मिठी मारली. "अरे, तू जिता हाय अजून! बस, बस. बेटी, पाणी पिणार?" घरात डुकराच्या मांसाचा आणि मसाल्याचा वास होता. बाबा अंगणातच बाकावर बसले.

त्यानं काठी हातात घेतली, डोळ्याशी धरली. मग डोळे मिटून तळहातावर मध्यभागी तोलून बघितली. दोन-तीनदा तसं केलं.

"क्लबाची नाय," तो म्हणाला.

माझा जीव भांड्यात पडला. "लिहून द्याल?"

"थांब, बेटी. क्लबाची नाय, हे मी सांगतो. पण ह्या कारखान्याची पण नाय वाटत मला."

बाबा एकदम म्हणाले, "काय बोलतोस?"

"वजन बघ ना. त्यांच्या काठीचं बूड आबनुसाचं असतं. ह्या काळ्या लाकडाला ते वजन नाय. तूच बघ. तुला माझ्यापेक्षा जास्त समजतं."

बाबांनी काठी हातात घेतली नाही. "साहेबानं स्वतः सांगितलं होतं," ते म्हणाले.

"साहेब लोक बरंच कायकाय सांगायचे, यार." हेड मार्करनं काठी माझ्याकडे दिली. "माझं लिहिलेलं कोण मानणार? मी पण मार्करच. भांडुपला एक मिस्त्री होता. आपल्या काठ्या दुरुस्तीला जायच्या ना, टेबलवाल्याच्या दुकानात? दुकान फोर्टात, पण काम करणारा हा. डोंगराच्या पायथ्याला, खाणीच्या रस्त्यावर. असला तर तो सांगेल."

परत येताना बाबा बसमध्ये एकदाच बोलले. "म्हातारा झालाय तो. हातांची जाण गेली त्याच्या."

मधला आठवडा मला नीटसा आठवत नाही. ऑफिसात वर्षअखेरीचे तक्ते टाइप करायचे होते, आणि मी एका तक्त्यात पूर्ण ओळ गाळली म्हणून बोलणी खाल्ली. बाबांना दोन रात्री उशी उभी करून बसवावं लागलं. मी म्हटलं, भांडुपला मी एकटी जाऊन येते. ते म्हणाले, "माझी काठी आहे."

भांडुप स्टेशनापासून खाणीच्या रस्त्यानं आम्ही चालत गेलो. ऊन नव्हतं फार, पण धूळ होती. बाबा पन्नास पावलांवर थांबायचे. एका चिंचेखाली पत्र्याची शेड होती, आत लाकूड कातायचं, पायानं फिरवायचं लेथ. एक हडकुळा म्हातारा खाली बसून पोळपाटांना पाय ठोकत होता. लाटण्यांची रास एका बाजूला, पलंगाचे खूर दुसऱ्या बाजूला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं निळसर झालेली.

मी नमस्कार करून कुठून आलो ते सांगितलं. नळी उघडून काठी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती बघितलीच नाही. अंगठा बुडापासून वर नेला, जिथे काळं लाकूड संपून पांढरं सुरू होतं तिथपर्यंत. तिथे काळ्या लाकडाच्या चार लांब जिभा पांढऱ्या लाकडात शिरलेल्या होत्या. प्रत्येक जिभेचं टोक त्यांनी अंगठ्यानं चाचपलं. मग म्हणाले, "खयसून आणलास ही?"

"एका साहेबानं दिली," बाबा म्हणाले.

"ही माजी."

बाबांनी विचारलं, "तुमची म्हणजे?"

"माज्या हातची. लढाईतली." त्यांनी मान वर केली. "तुमी मालवणकडचे काय?"

बाबा मालवणकडचेच. पण त्या दिवशी ते नुसते "हो" म्हणाले, आणि तेसुद्धा घाटावरच्या माणसासारखं.

मिस्त्रींनी सगळं सावकाश सांगितलं, हातातलं काम चालू ठेवून. लढाईच्या दिवसांत विलायतेहून काठ्या यायच्या बंद झाल्या. मेंबर लोकांना तर हव्या होत्या. टेबलवाल्यानं ह्यांना सांगितलं, तू बनव. काळं आबनूस मिळेना, म्हणून ह्यांनी शिसव घेतलं आणि शाई-काजळी पाजून काळं केलं. पुढचं पांढरं लाकूड विलायतीच लागतं, दुसरं चालत नाही. ते त्यांनी दारूखान्याच्या, जहाजं मोडायच्या गोदीतून आणलं. मोडीत निघालेल्या बोटींची वल्ही त्याच लाकडाची असतात.

"वल्ह्याची काठी?" मी विचारलं.

"तर! समुद्र खाऊन तयार झालेला लाकूड ता. वाकूचा नाय." मग त्यांनी जिभांची टोकं मला दाखवली. "ह्यां बघ. तीन सारखी, चवथी कणभर आखूड. विलायतेक चारय सारखी करतत. माका ती चवथी कधी जमलीच नाय. उजव्या हाताचा ह्यां बोट लहानपणी तासणीन तुटलां." त्यांनी हात पुढे केला. तर्जनीचं एक पेर नव्हतं. "किती केलंय, चाळीसेक असतील. सगळ्यांची चवथी आखूड."

"आणि पाटी?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"पाटी दुकानवालो लावी. विलायती नावाची. माका वाचूक येणा नाय. पण मी खळगो खणून दी, तो चिकटवी. गोंद हलको. पडायच्यो सगळ्यो."

त्यांनी पटाशी घेतली आणि बाबांकडे तोंड करून विचारलं, "खरवडू?" बाबा खळग्याकडेच बघत राहिले. मीच हो म्हटलं. खळग्यातला काळा थर नखाएवढा निघाला आणि खालून तपकिरी, रेघारेघांचं लाकूड दिसलं. मिस्त्रींनी त्यावर थुंकीचं बोट फिरवलं. शिसव चमकलं.

बाबांनी एकच विचारलं. "साहेबाला ठाऊक होतं?"

"माका काय ठाऊक? मी साहेब कधी बघूकच नाय."

मिस्त्रींनी आम्हाला चहा दिला. बाबांनी घेतला नाही. परतताना चढ नव्हता, उतार होता, तरी वेळ तेवढाच लागला. स्टेशनावर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "सुटलो आपण. मिस्त्रींना क्लबात घेऊन जाऊ. त्यांनी नुसतं दाखवलं की झालं. विलायती नाहीच म्हटल्यावर क्लबाची कशी असेल?"

"नको."

"काय नको?"

"काठी क्लबाला देऊन टाकू. सांगू, चुकून आली असेल."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि माझा तोल गेला. फलाटावर माणसं होती, तरी मी ओरडले. "चुकून? चुकून पाच फुटांची काठी घरी येते? चोर म्हणतील तुम्हाला, बाबा! आणि मला चोराची मुलगी. काठी देशी निघाली म्हणून चोर व्हायचं?"

"तुला नाही कळायचं ते."

"मग सांगा ना! दोन रविवार पायपीट करतेय मी. कोणासाठी?"

ते बराच वेळ धाप टाकत बसले. मग मालवणीत बोलायला लागले. आई गेल्यापासून माझ्याशी ते मालवणीत क्वचितच बोलत.

"एकतीस वर्षां, गो. काठी हातात घेतली की मी सांगी कोणाची. साहेब लोकांत पैजा लागत. तीच एक गोष्ट माका येय होती. बाकी मी काय, उभो रवान आकडे बोलणारो. आता थय जावन सांगू, आठ वर्षां माज्या घरात होती आणि माका कळली नाय?"

मी त्यांच्या हातातली नळी माझ्याकडे घेतली.

"आणि कळली नाय असां पण नाय," ते म्हणाले. "साहेबान दिली त्या सकाळी खोलयेत कोण नव्हता. मी चार चेंडू मारून बघितले. आवाज बोदो इलो. माका वाटला, टोकाची चामडी जुनी असात. मगे परत मारूक नाय."

गाडी आली, आम्ही चढलो. घाटकोपरला उतरून घरी आलो, मी भात टाकला. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस काठीचा विषय कोणी काढला नाही. नळी दाराआड उभी होती. भिंतीवर परत चढवावी असं बाबांना वाटलं नाही आणि चढवा असं मी म्हटलं नाही. मुदत संपायला आठवडा होता. मला खरंच इतका कंटाळा आला होता की मनात आलं, द्यायची तर देऊ दे. माझ्यानं आता भांडवत नाही.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तर बाबा घरी नव्हते. शेजारीण म्हणाली, दुपारीच कुठे गेले, नळी घेऊन. मी क्लबाकडे जायला निघणार तोच ते आले. धुळीनं माखलेले, ओठ निळे पडलेले. एकटेच भांडुपला जाऊन आले होते.

"शनिवारी दुपारी जायचं क्लबात," ते म्हणाले. "तुला अर्धी सुट्टी असते ना? मिस्त्री येतो म्हणालाय."

काय बोलणं झालं दोघांचं, ते मला कधीच कळलं नाही. मी विचारलंही नाही. पाणी तापवलं आणि त्यांचे पाय शेकले.

शनिवारी मिस्त्री धुतलेलं धोतर आणि कोट घालून आले. कोट कोणाचा तरी उसना असावा, बाह्या बोटांवर येत होत्या. क्लबाच्या पुढच्या पायऱ्यांपाशी मी थांबले, पण बाबांचे पाय आपोआप मागच्या जिन्याकडे वळले. नोकर माणसांचा जिना तो. मिस्त्री त्यांच्या कोपराला धरून चढले. मीही मागून गेले.

बिलियर्डच्या खोलीत बायकांना मज्जाव होता. सेक्रेटरीनं हे मला अगदी सभ्यपणे सांगितलं. तो चाळिशीचा, आपल्या देशातलाच माणूस, पण इंग्रजीतच बोलत होता. मी व्हरांड्यात, झुलत्या दाराच्या फटीतून दिसेल अशी उभी राहिले. टेबलावर पाच काठ्या मांडून ठेवलेल्या होत्या. बाबांनी नळीतून सहावी काढली आणि त्यांच्या शेजारी ठेवली.

मला वाटलं होतं मिस्त्री बोलतील. पण बाबाच बोलले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, गुण पुकारायचे त्याच स्वरात, ताठ उभे राहून.

"सर, ही काठी क्लबाची नाही. विलायतीही नाही. ही ह्या माणसानं भांडुपला बनवली आहे. मी लोकांना विलायती म्हणून सांगत होतो. मला कळायला हवं होतं. माझी चूक."

मग त्यांनी दाखवायला सुरुवात केली. खळग्यातलं तपकिरी लाकूड. चार जिभा, चौथी आखूड. क्लबाच्या पाचही काठ्यांच्या जिभा सारख्या. वजन. सेक्रेटरीला तेवढ्यानं पटेना, तेव्हा बाबांनी विचारलं की एका काठीच्या बुडाला चिकटवलेली रबरी गादी काढली तर चालेल का. मिस्त्रींनी ती चाकूच्या टोकानं अलगद उचलली. आत आबनूस, पार काळं. आमच्या काठीची गादी काढली, आत शिसव. मला दारातून रंग दिसला नाही, पण सेक्रेटरी वाकून दोन्हीकडे बघत राहिला ते दिसलं.

"ऑल राइट," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मग आमची सहावी कुठे गेली?"

"ते मला माहीत नाही, सर," बाबा म्हणाले.

सेक्रेटरीनं आमची काठी उचलून टेबलावर लोळवून पाहिली. बनातीवर ती गेली आणि थांबली. मिस्त्री कान देऊन ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "जराशी डाव्या अंगाक उसळता."

"होय," बाबा म्हणाले. "माका पण तसांच वाटला."

"सरळ करून देतंय. शेक दिलो काय जाता."

"करा."

सेक्रेटरी दोघांकडे बघत होता. त्याला एक अक्षर कळलं नसावं. माफीबिफी त्यानं मागितली नाही. आठवड्यानं दोन ओळींचं पत्र आलं की प्रकरण मिटलं आहे. क्लबाची सहावी काठी सापडली का, कोणी नेली होती, हे आम्हाला कोणी कळवलं नाही. मला वाटतं एखाद्या मेंबरच्याच घरी ती असेल. पण मेंबरला कोण पत्र लिहिणार?

त्या दिवशी क्लबातून खाली आल्यावर आम्ही तिघं फूटपाथवर उभे राहिलो. मिस्त्रींनी काठी आपल्याकडे घेतली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नुसतं वाटलं की आता घरी जायचं आहे आणि डाळ भिजत घालायची राहिली आहे. बाबांचा चेहरा बघितला तर तोही काही उजळलेला वगैरे नव्हता. एखादं जड ओझं उतरवून ठेवल्यावर हात कसे काही वेळ तसेच वाकडे राहतात, तसे ते दिसत होते.

शेक देऊन सरळ करण्याच्या निमित्तानं बाबा पुढच्या रविवारी भांडुपला गेले. त्याच्या पुढच्याही रविवारी गेले. सरळ व्हायला इतके दिवस लागत नाहीत हे मलाही कळत होतं. मिस्त्रींना आता जिभांची टोकं दिसत नव्हती, पण अंधेरीच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधून त्यांच्याकडे काठ्या दुरुस्तीला यायला लागल्या होत्या. हेड मार्करनं ती ओळख करून दिली होती. बाबा तिथे शेडमध्ये बसून काठ्या डोळ्याशी धरायचे आणि कुठे वाकल्या आहेत ते सांगायचे, मिस्त्री त्या विस्तवावर धरायचे. कधीमधी एखादी अनोळखी काठी आली की दोघांत वाद होई, कोणाच्या हातची ते ठरवण्यावरून. बाबा चुकले तर मिस्त्री मोठ्यांदा हसायचे. बाबा घरी येऊन ते स्वतःच सांगायचे.

बाबांचा दमा काही गेला नाही. धुळीत बसून तो वाढलाच असेल. मी एकदा म्हटलं, नका जाऊ इतक्या लांब. ते म्हणाले, "मग रविवारी काय करू? तुझं तोंड बघत बसू?" मला राग आला नाही.

रविवारी जेवण झालं की ते निघायचे. भांडी घासून होईस्तोवर दीड वाजायचा. मग खोलीत कोणी नसे. काढा द्यायचा नसे, उशी उभी करायची नसे, कोणाशी बोलायचं नसे. मी दाराला आतून कडी घालायची, जमिनीवर चटई टाकायची आणि पाचपर्यंत झोपायची. सहा वर्षांत मी दुपारी झोपले नव्हते. पहिल्या रविवारी तर जाग आली तेव्हा मला कुठल्या गावी आहोत तेच कळेना. दारावर बाबा थापा मारत होते, केव्हापासून कोण जाणे. मी उठून कडी काढली. त्यांच्या डोक्यावर, भुवयांवर लाकडाचा भुसा होता. ते आत आले आणि शेडमध्ये काय काय झालं ते सांगायला लागले. मी स्टोव्ह पेटवला, आधण ठेवलं आणि अर्धवट झोपेत ऐकत राहिले.